हिरड्याचं पाणी

आमच्या घराण्यात चुन्याचा गिलावा पिढीजात. सिमेंटवाले आता गल्लोगल्ली झालेत, पण भूमच्या बाजूला जुन्या बारवेची, पायऱ्यांच्या विहिरीची, डागडुजी निघाली की बोलावणं आबांनाच, म्हणजे माझ्या वडिलांना. मला याचा लई गर्व आहे, आणि तो मी लपवत न्हाय.

चुन्यात गूळ पडतो, बेलफळाचा गर पडतो, पण खरी गोम हिरड्याच्या पाण्यात. हिरडा कुटून आठ-दहा दिवस रांजणात भिजवायचा. पाणी पुरतं तुरट झालं तर गिलावा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, कच्चं राहिलं तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात. ते कळायला मोजमाप न्हाय. बोट बुडवायचं आणि चाटायचं. कुटायचं काम माझं, चाखायचं आबांचं.

गेल्या साली ईट गावाकडं एका बारवेचं सरकारी काम होतं. आबांनी बोट चाटलं, म्हणाले झालं, चुना कालवा. सवयीनं मीही चाटलं. पाणी नुसतं कडवट, जिभेला धरतच नव्हतं. मोठ्या तापातून उठल्यापासून आबा रोज भाजी अळणी म्हणत होते, ते तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. त्यांची चवच गेली होती. सांगावं तर गड्यांसमोर, काम बघायला आलेल्या सरकारी साहेबासमोर आबांची शोभा. गप बसावं तर गिलावा पडणार, म्हणजे जन्माची कमाई गेली.

"आबा, पाणी कच्चंय," मी म्हणाले.

एक गडी पुटपुटला, उचलली जीभ लावली टाळ्याला. साहेब घड्याळ बघायला लागले. आबांनी परत बोट चाटलं, बराच वेळ तोंड हलवत राहिले, आणि मग माझ्याकडं बघितलं. ती नजर आठवली की अजून गलबलतं.

"मला कायच लागंना, बाई," ते हळू म्हणाले. मग मोठ्यानं सगळ्यांना काम थांबवायला सांगितलं.

मी आणखी हिरडा कुटून घातला. पाचव्या दिवशी गड्यांनी आबांना विचारलं, कालवायचं का आता.

"मला कशाला इचारता? मिस्तरीण ती हाय."

मी बोट चाटलं. जीभ अशी आखडली की शब्द फुटंना, नुसती मान डोलावली. आबांनी घमेलं उचललं आणि माझ्या हाताखाली येऊन उभे राहिले.