कंट्रोलचं लुगडं

लढाईच्या आधी भोरात कंट्रोल हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. तो इंग्रजी कागदांतून कचेरीत आला, तिथून दुकानात, आणि रॉकेलच्या डब्याबरोबर हिर्डोशीपर्यंत चढून गेला. इंग्रजीत त्याचा अर्थ ताबा ठेवणे. आमच्याकडे ते दुकानाचं नाव झालं, "कंट्रोलात जाऊन येते", मग मालाचं, "कंट्रोलला काय आलंय?", आणि शेवटी पहिल्या धुण्यात आटणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचं.

मी शाळामास्तर, अक्षर नेटकं, म्हणून कापडाची यादी माझ्याकडे आली. अर्ज येईल त्या क्रमाने नाव, वशिला नाही. कोणी बोट दाखवावं अशी जागा मी ठेवली नाही. माझ्या घराचं कार्ड पहिल्याच दिवशी नोंदलेलं होतं, क्रमांक चार.

हिर्डोशीला दिलेली माझी धाकटी बहीण लग्नसराईच्या तोंडावर पायी भोरला, दुकानात आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"येकच लुगडं पायजे, नवरीला. माजं माज्याकडं हाय. दादा, यादी तुज्याच हातात हाय न्हवं?"

"म्हणूनच तुला पुढे घेता येत नाही. तुझा क्रमांक एकसष्ट."

"परक्याची असते तर घेतलं असतंस?"

"तरी नसतं."

"मंग भाऊ असून उपेग काय, सांग की!"

दुकानातल्या बायका हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, माझा चोखपणा सगळ्यांनी पाहिला.

गठ्ठा अठ्ठावन्नाव्या नावाला संपला. पुढचा माल लग्नानंतर येणार होता. तसा निरोप मी हिर्डोशीला धाडला.

लग्नाच्या दिवशी मामा म्हणून नवरीला मांडवात मी आणलं. अंतरपाट धरला, मी तिच्या मागे उभा राहिलो, आणि डोळ्यांसमोर आला तिच्या पाठीवरचा हिरवा पदर. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला बहिणीला मीच दिलेलं लुगडं. तिच्याकडे धड असं तेवढंच होतं.

बहीण मागे चुलीपाशी होती. तिने दंड घातलेलं नेसलं होतं: दोन विरलेल्या लुगड्यांचे बरे तुकडे मधे शिवून एक केलेलं. शिवणीच्या एका अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला काळं. वराकडची एक म्हातारी म्हणाली, "विहीणबाई, लुगडं दोन गावचं दिसतंय!"

"कंट्रोलचं हाय," बहीण म्हणाली. "माज्या भावाकडनं."

बायका खदखदल्या. माझी बायको पुढे बसली होती, कोऱ्या लुगड्यात. क्रमांक चार. आमच्या वाट्याचं ते आधीच बहिणीला द्यावं, त्याला कुठल्या नियमाची आडकाठी नव्हती. मला ते सुचलंच नव्हतं. माझं लक्ष यादीकडे होतं.

त्या दिवसापासून भाच्यांनी मला कंट्रोलमामा केलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर.

पुढे कंट्रोल उठलं. मी चांगलं नऊवारी घेऊन हिर्डोशीला गेलो आणि तिच्यासमोर ठेवलं. तिने घडी मोडली नाही. हात पदराला पुसत म्हणाली,

"माज्या आदी कुनी ऱ्हायलं न्हाई न्हवं? बग येकदा यादीत."