भावी सभापतींची कॅप्सूल

मामांना एका जागी बसलेलं फारसं कुणी पाहिलं नसेल. शहापूर-मुरबाडच्या लग्नसराईत ते एका संध्याकाळी तीन-चार हळदी उरकत आणि प्रत्येक मांडवात जेवत. पुढारी मटण न खाता उठला की यजमानाचं मत गेलं, असा त्यांचा अनुभव. पत्रिकेत नावापुढे ‘भावी सभापती’ छापलेलं असे. मी भाचा, म्हणून गाडी माझ्याकडे.

निघताना ते पित्ताची कॅप्सूल गिळत, दुसऱ्या मांडवाआधी आणखी एक. गुडघेदुखीची गोळी वेगळी, तीही रिकाम्या पोटी. कॅप्सूल कार्यकर्त्यांनाही वाटत. “घे रे, मग काय पण खा. जळनार नाय.” डॉक्टरला विचारलंत का, म्हटलं तर, “त्याला कुठं टाइम हाय?”

एका मे महिन्यात संडास काळी होऊ लागली. मामांनी खापर जांभळांवर फोडलं. चक्कर आली, ती उकाड्यावर घातली. शेवटी मामीने त्यांचे सगळे पांढरे कपडे भिजत घातले. “आता जा उघडे हळदीला.” तेव्हा कुठे ते माझा शर्ट घालून दवाखान्यात आले.

नळी घालून तपासलं, तर जठरातल्या जखमेतून रक्त येत होतं. जखम गुडघ्याच्या गोळीने केली होती, मनाला येईल तशा घेतलेल्या कॅप्सूलने जळजळ दाबून ती झाकली होती. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याची गोळी बंद केली. कॅप्सूल ठेवली, पण न्याहारीआधी अर्धा तास, आणि त्या सांगतील तितकेच दिवस. “जळजळ थांबली म्हणजे जखम भरली, असं नसतं. भाषण कुठं थांबवायचं ते तुम्हाला कुणी सांगत नाही. गोळीचं मी सांगणार.”

पुढच्या मोसमात मामा मांडवात वरण-भात मागू लागले. यजमानांचे चेहरे उतरत. किन्हवलीजवळच्या एका हळदीत माइक हाती आला, तेव्हा विकासाचं भाषण सोडून त्यांनी विचारलं, “मी गोळ्या वाटल्या, त्यांच्यापैकी कुनाची संडास काळी होते काय?”

“मामा, हळद हाय, दवाखाना नाय!” नवरीचा चुलता ओरडला. मांडव हसला.

आम्ही निघालो तर तोच चुलता गाडीपाशी आला. आवाज खाली. “मामा, काळी म्हंजे कशी काळी?”

“डांबरासारखी. चिकट.”

त्याने मान डोलावली. मामांनी मागचं दार उघडलं. “बस.”

“घरात हळद लागतेय, मामा.”

“नवरीला लागतेय. तू बस.”

निवडणूक तोंडावर होती आणि मुरबाडच्या बाजूला दोन मांडव ताटकळले होते. “शहापूरला घे,” मामा मला म्हणाले.

चुलत्याला रक्त चढवावं लागलं, पण वाचला. मामा बऱ्याच वर्षांनी वारले, ते वयाने. त्या दिवशी ताटकळलेल्या दोन मांडवांतलं कुणी त्यांच्या दहाव्यालाही आलं नाही.