जाऊन आलेला ताप

गंगाक्काला काहीही झालेलं नसायचं, तरी दर मंगळवारी ती बाजाराच्या गावी जाऊन दवाखान्यात नंबर लावायची. नंबर आला की स्टुलावर बसून म्हणायची, "नळी लावा." डॉक्टर मुकाट्याने तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावायचे. काय ऐकू आलं, असं ती विचारायची. छाती साफ आहे, असं ते सांगायचे. मग "बरं" म्हणून उठायची. हे असं पाच वर्षं चाललं.

बाजारकुणंग या आमच्या जंगलातल्या खेड्यात, जिथे बाजार काय तो नावातच, आमची घरं लागून होती. आता ती लेकीकडे खानापूरला असते. तिचे मालक, आमचे रामाभावजी, जंगलखात्याच्या कामावर मजुरीला जायचे. त्या वर्षी उळवीच्या जत्रेहून ते ताप-खोकला घेऊन आले. तेव्हा निम्मं गावच खोकत होतं. चौथ्या दिवशी ताप उतरला, भावजी पेज प्याले, गोठासुद्धा झाडला. सुटले, म्हणालो आम्ही. पण दोन दिवसांनी हुडहुडी भरून ताप पुन्हा चढला, कुशीत कळ यायला लागली, बेडका तांबूस पडू लागला. आमचं चुकलं ते इथेच. आम्हाला वाटलं, जुनाच ताप थोडा अंगात राहिला असेल. बाजाराच्या गावी डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनाही तेच वाटलं. गळ्यात नळी लोंबत होती, ती काढायचे कष्टसुद्धा त्यांनी घेतले नाहीत. व्हायरल आहे, आपोआप जाईल, असं म्हणून पुढचा नंबर पुकारला.

शेवटी भावजींना बेळगावला न्यायला जीपमध्ये घातलं. तसल्या धापेतही ते आम्हाला "जाऊन येतो" म्हणाले. आले नाहीत.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गंगाक्काला सगळं समजावून सांगितलं. फ्लू केव्हाच गेला होता. त्याने नाजूक केलेल्या छातीत मागून दुसरेच जंतू शिरले आणि न्यूमोनिया झाला. उतरलेला ताप परत चढला तर छाती तपासायचीच असते, आणि वेळेत कळलं तर त्यावर औषध असतं. औषध असतं, हे गंगाक्काच्या डोक्यातून पुन्हा कधी गेलं नाही.

इकडे डॉक्टर बाजारभर सांगत सुटले, मी छाती तपासली होती, तेव्हा काहीच नव्हतं. धडधडीत खोटं! मी स्वतः दारात उभी होते. मी म्हटलं, अक्का, चार माणसं नेऊ आणि ह्याला रस्त्यावर आणू. ती म्हणाली, "नको. नळी लावली न्हाई, हे मला त्येच्याच तोंडानं ऐकायचं हाय."

तेव्हापासून तिचे मंगळवार सुरू झाले. बाकावर बसल्या बसल्या शेजारच्याला विचारायची, "ताप जाऊन आला काय?" त्याने व्हय म्हटलं की, "मग नळी लावल्याबिगर उठू नको. माझ्या घोवाला लावली न्हवती." हे आत ऐकू जाईल अशा आवाजात. डॉक्टरांचं तोंड कडू व्हायचं, पण हात मात्र गळ्यातल्या नळीकडे जायचा. मला ते बघायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माझ्या सुमीचा ताप असाच जाऊन आला, तेव्हा अक्कानेच आम्हाला तिथे ओढत नेलं. डॉक्टरांनी नळी लावली, उजव्या बाजूला थबकले आणि लगेच बेळगावला पाठवलं. सुमी वाचली. त्या माणसाचे उपकार माझ्या डोक्यावर बसले, याचा मला अजून राग येतो.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. शेवटच्या मंगळवारी त्यांनी न सांगताच अक्काच्या पाठीला नळी लावली आणि तशीच धरून बसले. बाकावरची माणसं दारातून बघत होती.

"अक्का," ते म्हणाले, "तुमच्या मालकांना मी नळी लावली नव्हती."

गंगाक्काने पदर सारखा केला. "म्हाईत हाय," म्हणाली आणि बाहेर आली.

टेम्पोत सामान भरून झाल्यावर डॉक्टर एकेकाचा निरोप घेत आमच्यापर्यंत आले. हात जोडून म्हणाले, "येतो अक्का."

निघालेल्या माणसाला "या" म्हणायची आपली रीत. सुमीच्या आठवणीने ते माझ्या ओठांवर आलंसुद्धा. गंगाक्काने माझा हात घट्ट दाबला.

"जा," ती म्हणाली.