कपाचा कान

९ जुलै. बॉयलरच्या नळ्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत घातल्या आहेत. इथल्या बोअरच्या पाण्याने आतून पांढरा थर धरतो, तो सुटायला संध्याकाळ होईल. तोवर हातांना काम नाही. म्हणून लिहिते.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. देवाला तर नाहीच — त्याच्याशी माझं तेवढं बोलणं नसतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही अक्काला कधी पाहिलेलं नाही.

इथे कानडी मुलखात, शिवाजीनगरात आमचं वर्कशॉप आहे. कॅफे बंद पडतात, त्यांच्या एस्प्रेसोच्या मशिनी भंगारात जातात, तिथून आम्ही त्या उचलतो. खोलायच्या, घासायच्या, रबरं बदलायची, पुन्हा उभ्या करायच्या. आम्ही म्हणजे मी. श्रीकांत, माझा नवरा, वायरिंग आणि गिऱ्हाईक बघतो. आणि अक्का, त्याची थोरली बहीण — लग्न केलं नाही, बसवनगुडीच्या घरी आमच्याच सोबत राहिली — ती चाखायची.

मशीन तयार झाली की पहिला कप अक्कापुढे. डोळे मिटून एक घोट, मग निकाल. ‘सरी आहे,’ म्हणजे ठीक. किंवा, ‘खवट. जाळी काढ, पुन्हा घास.’ कॉफीचं तेल जाळीला धरून राहतं आणि जुन्या खोबरेलासारखा वास मारतं. तो वास अक्काला सगळ्यांच्या आधी यायचा. मला तो ओळखायला तिनेच शिकवलं. गिऱ्हाइकं फोनवर बॉयलरचं काय केलं ते विचारत नसत. विचारत, ‘अक्कांनी चाखली ना?’

किती वर्षं ऐकलं मी ते? मोजली नाहीत. कोपरापर्यंत काळे हात घेऊन ऐकलं.

मग एका तापात अक्काचा वास गेला. ताप उतरला, वास परत आला नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने मला सांगितलं. फक्त मला.

‘मालू, फोडणी जळली तरी कळत नाही गं. श्रीकांतला बोलू नकोस. वर्कशॉप सुटलं तर दिवसभर मी करू काय?’

तिने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी हो म्हटलं. युक्तीही मीच काढली — मी आधी मागच्या बाजूला चाखायची, मग कप तिच्यापुढे ठेवायचा. कपाचा कान तिच्या उजव्या हाताला असेल तर कॉफी चांगली. डाव्या हाताला असेल तर नाही. इतकं सोपं.

महिनोन्‌महिने कुणाला कळलं नाही. ती डोळे मिटायची, घोट घ्यायची आणि मी ठरवलेलं बोलायची. लोक माना डोलवायचे. दुरुस्ती माझी, आता पारखही माझी — आणि शाबासकी? तुम्हीच सांगा. नाही, नका सांगू. तुमच्याकडून काही वदवून घ्यायचं नाही मला.

जयनगरचा गिरीश, कॅफेवाला, त्याची मशीन न्यायला आला त्या दिवशी अक्का खुशीत होती. त्याला म्हणाली, ‘हिचा हात पान्याला चांगला हो. पण जिभेचं काम वेगळं.’ गिरीश हसला, श्रीकांत हसला. मीही हसले.

या बोलण्यामुळे मी ते केलं, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही तसं सांगता आलं असतं. पण जाळी मी आदल्या दिवशीच बाजूला काढून ठेवली होती. एका बंद हॉटेलच्या मशीनमधली, तेलाने काळी झालेली, नाकाजवळ धरवत नव्हती. तीच मी लावली. कॉफी काढली. कप बशीत ठेवला आणि बशी अक्कापुढे सरकवली.

कान उजवीकडे.

अक्काने डोळे मिटले. घोट घेतला. ‘सरी,’ म्हणाली. ‘फर्स्ट क्लास. खुशाल घेऊन जा.’

मग मी गिरीशला त्याचा कप दिला. त्याने तोंडात घेतली ती कॉफी तशीच बादलीत थुंकली.

‘एनु इदु, अक्का? हे काय आहे? खवट तेल!’

श्रीकांतने अक्काचा कप उचलून वास घेतला, मग तिच्या नाकाशी धरला. ‘घे वास. येतो?’ तिने पदर सारखा केला. ‘अक्का, येतो की नाही?’ गिरीश म्हणाला, ‘मग इतके दिवस चाखत काय होतात, गरम पाणी?’ आणि स्वतःच्या विनोदावर मोठ्याने हसला.

श्रीकांत माझ्याकडे वळला. ‘तुला माहीत होतं?’

‘नाही,’ मी म्हटलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं ना? थांबले नाही. ‘तरीच,’ म्हटलं, ‘मल्लेश्वरमची मशीन परत आली.’ ती परत आली होती, कारण तिचं तापमान मी चुकीचं लावलं होतं.

श्रीकांतने कप पुन्हा बशीत ठेवला होता. अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने एक बोट पुढे केलं आणि कपाचा कान हळूच डावीकडे वळवला. कुणाला काही कळलं नाही. म्हातारी काहीतरी चाळा करते आहे, एवढंच त्यांना दिसलं. मला कळलं. मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागले.

ती पुन्हा वर्कशॉपला आली नाही. घरी मी दिलेली कॉफी निमूट प्यायची, स्टीलच्या लोट्यातून. लोट्याला कान नसतो. पाहुणे जेवायला असले की मी म्हणायचे, ‘अक्काला काय, काहीही वाढा.’ सगळे हसायचे. ती पानाकडे बघत जेवायची. श्रीकांतला तिने एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी साफ नाकारलं असतं, आणि त्याने माझंच खरं मानलं असतं. हे तिला ठाऊक होतं. मलाही.

गेल्या वर्षी अक्का गेली. गिरीशचा कॅफेही बंद पडला. ज्या नळ्या आज भिजताहेत, त्या त्याच मशीनच्या.

राहिली ती गिरीश कॉफी थुंकला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आधी मी अक्काची खुर्ची उचलून माळ्यावर टाकली. तिच्या जागी रबरांचे डबे रचले. ती काळी जाळी भंगारात फेकली, मशीनची स्वतःची जाळी घासून बसवली, खूप वेळ गरम पाणी सोडत राहिले. कॉफी दळली, दाबली, काढली. कप बशीत ठेवताना कान उजवीकडे वळवला, सवयीने. समोर डबे होते. मग मीच उचलून प्याले. चांगली झाली होती.

गिरीशला फोन केला. म्हटलं, मशीन तयार आहे, घेऊन जा. मी चाखलीय.