उपग्रहाचा लाडका साडू

माझ्या मोठ्या साडूइतकी सरळ गाडी चालवणारा माणूस आलापल्लीपासून ब्रह्मपुरीपर्यंत दुसरा नाही, आणि देवाला तो नेमका माझ्याच सासरी द्यायचा होता! हा माणूस धानाच्या बांधावरून डोळे मिटून जातो. वरातीत नाचतो तेही रस्त्याच्या डाव्या बाजूनं. वळायचं झालं तर आधी हात दाखवतो. त्याच्या ताटातलं वरण भाताची सीमा ओलांडत नाही. माझं वरण मात्र ताटभर गाव फिरून येतं, आणि सासूबाई लगेच म्हणतात, "जवाईबापू, पाहा जरा मोठ्या जवायाकडं!"

आम्ही दोघंही एकाच मालकाचे बांबूचे ट्रक चालवतो. मालकानं ट्रकांवर डबी बसवली. गाडी लेनमध्ये किती डुलते, ते ती उपग्रहाकडून ताडते. जरा डुलली की केबिनमध्ये टीं टीं, आणि मालकाच्या मोबाइलवर रेघ वाकडी. साडूची रेघ पट्टी ठेवून आखल्यागत. माझी म्हणजे बेडूक गिळून पळणारी धामण.

"साडूभाऊ, उपग्रहाले चहा पाजता का तुमी?" मी जळून विचारलं.

"स्टेअरिंग हलक्यानं धराचं, बापू. तुमी त्याचा गळा दाबून राह्यले."

मालकानं जाहीर केलं की होळीनंतर ज्याची रेघ सगळ्यात सरळ, एसीवाला नवा ट्रक त्याचा. मग काय, मी श्वास रोखून चालवू लागलो. खड्डे आले तर खड्ड्यातून गेलो, कंबर गेली पण रेघ सुधारली. मालक म्हणाला, "आता तुमच्या दोघांत एका फेरीचाच फरक हाये."

शेवटच्या फेरीला एटापल्लीच्या अलीकडे तो पुढे, मी मागे. रस्त्याकडेच्या झाडाखाली बसलेल्या एका म्हातारीनं तापल्या डांबरावर मोहफुलं वाळत घातलेली, आमची अख्खी लेन भरून. समोरून कोणी नव्हतं. साडूनं इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि ट्रक पलीकडच्या लेनमध्ये नेला. त्याची डबी कोकलली, ती मला मागे ऐकू आली असं मी आजही शपथेवर सांगतो. आता मी नुसता सरळ गेलो की नवा ट्रक माझा! पण माझा हात गाढव. त्याच्या मागोमाग वळला, आणि माझीही डबी बोंबलली.

नवा ट्रक तिसऱ्याच ड्रायव्हरला मिळाला. तो तिथं पोचला तेव्हा म्हातारीनं फुलं उचलली होती.

"काऊन वळवली गाडी?" मी धाब्यावर भांडलो.

"फुलं होती ना," साडू म्हणाला, आणि पोळीचा तुकडा मोडला.

मोहाचे दिवस सरले. म्हातारी अजूनही त्याच झाडाखाली बसलेली असते. साडूचा ट्रक दिसला की तिचा हात वर जातो. मी मागून येतो, हॉर्न देतो, खिडकीतून डोकंही काढतो. उपग्रहाला आमची दोघांची वळणं सारखीच दिसली असतील. माझा ट्रक पोचेपर्यंत तिचा हात खाली आलेला असतो.