वखारीतले बाबा

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. वेंगुर्ल्याच्या कुंदाबाई पडवीत सहामाहीचे इतिहासाचे पेपर तपासतायत. 'युरोपीय भारतात का आले?' सगळ्यांचं उत्तर एकच: मसाले, कच्चा माल, बाजारपेठ, धर्मप्रसार. बाईंनीच तर घोकून घेतलंय. चौतिसाव्या पेपरावर पापण्या मिटतात आणि वर्गातल्या पहिल्या बाकावर बाबा बसलेले दिसतात.

बाबा म्हणजे गुणाजी कुबल, जन्मभर परदेशी बोटींवरचे खलाशी. आई गेली तेव्हाही ते बोटीवरच होते. रजा मिळाली नाही, असं सांगत आले. त्यांना जाऊन चार महिने झाले आणि बाईंचं विचारायचं राहूनच गेलं: रजा खरंच मिळाली नव्हती का?

मेलेला माणूस परीक्षेला कसा बसला, याचं बाईंना नवल वाटत नाही.

"बाबानू, पेपर कोरो कसो?"

"तुझ्या पुस्तकात अर्धाच लिवलेला असा गो."

वर्ग कुठे गेला? ही तर गावातली डचांची पडकी वखार, पण आज तिला छप्पर आहे. बाबा हिरव्या मिरीचे घोस तोलतायत.

"आधी ते इकत घेवकच इले. मगे तेंका कळला, तागडी आपल्या हातात असली काय स्वस्त पडता. तागडी राखूक शिपाय व्हयो. शिपायाक पोसूक गाव व्हयो."

"मगे परत कित्याक नाय गेले?"

"गोडी लागली."

याला गुण किती द्यायचे, बाईंना कळत नाही. पायाखालची जमीन डुलतेय. ही वखार की बोट?

"बाबानू, आवस गेली त्या वक्ताक तुमका रजा गावाक नाय मां?"

बाबा तागडीकडेच बघतात. "गावलेली. बोट कोचीनाक होती. मीच उतराक नाय."

"कित्याक?"

"पैल्यांदा मी तुमच्या पोटासाठी गेलंय. मगे घरात जीव रमाना."

"आवस वाट बघी होती!"

"माका ठावक होता." ते एक घोस बाईंच्या मुठीत दाबतात. "ह्यां तिका दी."

बाईंना भयंकर राग येतो. पण त्याच हाताला बाबांचा हात लागलाय, म्हणून मूठ सोडवत नाही.

जाग येते तेव्हा उन्हं पायरीवर उतरलीयत. मूठ रिकामी आहे. बोटांना मात्र ओल्या मिरीचा वास येतोय, आणि चोळलेला डोळा सपाटून झोंबतोय. मिरीचा वेल आसपास कुठेच नाही.

डोळे गळत असतानाच बाई उठतात, आत आईच्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहतात.

"तेंका रजा गावाक नाय गे आये," त्या म्हणतात, आणि मिरीच्या वासाचा तो हात पाठीमागे नेतात.