खर्चात न लिहिलेली पंगत

शाळेतून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा आमच्या गावात पट्टण पंचायतीची, म्हणजे तिकडच्या नगरपंचायतीची, निवडणूक लागली. कर्नाटकातलं, निपाणीपासून बसनं अर्ध्या तासावरचं गाव. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि गल्लीतल्या बायका घरी येऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही उभ्या ऱ्हावा. तिथले कन्नड कागद वाचून सांगणारं आपलं कुणीतरी पायजे."

माझी आई विड्या वळायची. आमच्या घरातलं कुणी सभागृहात बसेल, हे तिला खरं वाटलं नसतं. मी अर्ज भरला.

प्रचाराचं सगळं धाकट्या भावानं बघितलं. हँडबिलं, स्पीकर लावलेली रिक्षा, फिरणाऱ्यांचा चहा. पैसे माझ्या पेन्शनचे. मतदानाला तीन दिवस असताना दुपारी कळलं, की गावातल्या एका कंत्राटदारानं त्याच्या मळ्यात माझ्या नावानं मटणाचं जेवण घातलंय.

"कुणाला विचारून?" मी भावाला म्हटलं.

"आपण कुठं मागितलंय, आक्का? त्याचं त्यानं घातलंय. आता लोक पंगतीला बसल्यात, उठवू काय त्यांना?"

मी रागानंच मळ्यात गेले. पण ओळखीच्या बायकांनी ताटावरून हाका मारल्या आणि मी हात जोडत सगळ्या पंगतीपुढून फिरले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मी निवडून आले. नंतर खर्चाचा फॉर्म भरायचा होता. भाऊ सांगत होता, मी लिहीत होते. छपाई झाली, रिक्षा झाली. मळ्यातल्या जेवणाशी येऊन तो थांबला. "त्यो आपला खर्च न्हाय," म्हणाला. मला पटलं नव्हतं, मी पटवून घेतलं आणि सही केली.

दीड वर्षानं वॉर्डात काँक्रीटचं गटार मंजूर झालं. काम मिळालं त्याच कंत्राटदाराला. मी दोनदा जाऊन बघितलं. बोटानं खरवडलं की वाळू सुटत होती. काम संपल्यावर तो घरी आला. काम समाधानकारक झालं, असं लिहिलेल्या कागदावर त्याला माझी सही हवी होती.

"गटाराला आताच भेगा पडल्यात," मी म्हटलं.

तो चिडला नाही. चहा संपवून कप खाली ठेवला आणि हळू म्हणाला, "बाई, त्या दिशी मळ्यात किती ताटं उठली, ते मी मोजलं न्हाय. तुम्ही बी एवढं बारीक बघू नका."

ही धमकी नव्हती. नाही म्हणायला माझ्याकडं तोंड उरलं नव्हतं, एवढंच. मी सही केली.

आषाढात गटार एका बाजूनं खचलं आणि पाणी कोपऱ्यावरच्या घरात शिरलं. तिथं माझी एक जुनी विद्यार्थिनी शिवणकाम करते. शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकांची कापडं घाण पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी ती आली.

"बाई, काम चांगलं झालंय म्हणून तुमची सही हाय, असं ऑफिसात म्हणत्यात. खरं हाय?"

"व्हय."

"बघून केलती का न बघता?"

"बघून."

ती निघून गेली. त्यानंतर काही दिवस मी बाजारला मागच्या बोळातून जात होते.

पुढच्या वॉर्ड सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. जेवण, फॉर्म, सही. मग मागून एक म्हातारे आप्पा म्हणाले, "जेवलो तर आम्हीच की गं. तू एकटीच कशाला मान खाली घालतीस?" दोघं-तिघं हसले. काही जण उठून गेले.

खर्चाचं खरं काय ते लिहून मी तालुक्याच्या ऑफिसात दिलं. क्लार्कनं पत्र दोनदा वाचलं. "मॅडम, ह्याची मुदत संपली. आता ह्याचं काय करायचं, मलाच म्हायत न्हाय," म्हणत त्यानं पोच दिली. त्या पत्राचं पुढं काही झालं नाही. गटाराचं मात्र झालं. सभेतल्या बोलण्यावरून इंजिनिअर येऊन बघून गेला, उरलेलं बिल अडलं आणि खचलेली बाजू कंत्राटदाराला परत बांधावी लागली. मशीनच्या दुरुस्तीचे आणि कापडांचे पैसे घेऊन मी त्या मुलीकडं गेले. नको म्हणेल असं वाटलं होतं. तिनं घेतले, आणि तेच बरोबर होतं.

भाऊ चार महिने बोलला नाही. बोलला तेव्हा "माझं बी नाव त्यात होतं, आक्का. मला विचारून तरी बोलायचं होतंस," म्हणाला. हे त्याचं खरं होतं.

आता वॉर्ड सभेला माणसं जास्त येतात आणि विचारतात. गेल्या महिन्यात एका पोरीनं विचारलं, नव्या पथदिव्यांना खांबामागं किती पैसे पडले? मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन ती फाईल मागितली. साहेब मीटिंगला गेलेत, वेळ लागंल, असं शिपाई म्हणाला. मी बाकावर बसून राहिले.